रकाना सातवा

जूनमध्ये प्राचार्यांनी बोलावून सांगितलं,
मॅडम, तिसऱ्या वर्षाच्या पोरांसाठी मेंटॉर योजना आखा,
फेब्रुवारीत नॅकची समिती येतेय.
मी आखली.
उभ्या-आडव्या रेघांची सवय आहे मला, अकाउंट्स शिकवते.
डावीकडे बेचाळीस मुलं, उजवीकडे चौदा माजी विद्यार्थी,
एकाला तीन. बाकी शून्य.

पहिली भेट, ओळख. दुसरी, ध्येय.
तिसरीत बायोडाटा, चौथीत मुलाखतीचा सराव,
सहावीत समारोप आणि फोटो.
पाचवीत काय, ते सुचेना.
'व्यक्तिमत्त्व विकास' असं लिहून
पेनाला टोपण लावलं.

मग फॉर्म आले.
मेंटॉरकडून काय हवं, या ओळीसमोर
राजरत्न पाईकरावने लिहिलं : नोकरी.
शेख नाजनीनने : पुण्याला उतरल्यावर
पहिली रात्र कुठं काढायची.
शिल्पा कऱ्हाळेने लिहून खोडलं होतं,
उजेडात धरल्यावर वाचता आलं :
नाही जमलं तर घरी काय सांगायचं, ते सांगणारं कुणी.

दुसऱ्या गठ्ठ्यात मेंटॉर.
जालन्याच्या सळईच्या कारखान्यातला शिफ्ट इनचार्ज,
नांदेडच्या बँकेतली आमचीच अर्चना,
आणि सुदर्शन बेंगाळ, दोन हजार बाराची बॅच,
वसमतच्या मोंढ्यात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो.
रकाना सातवा, 'उल्लेखनीय यश'. त्यात त्याचं अक्षर :
पूर्वपरीक्षा पाचदा, मुख्य दोनदा,
मुलाखत एकदा, चार गुणांनी गेली.
नंतर थांबलो.

घुगे सर म्हणाले, याला कशाला? पोरं खचतील.
मी म्हणाले, सर, तेराने भाग जात नाही.

खरं कारण वेगळं होतं.
निकालाच्या दिवशी जिन्यात तो भेटला होता,
माझ्या हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, घाई,
जाता जाता म्हणाले, तू करशील बेंगाळ, नक्की करशील.
आणि स्टाफरूममध्ये जाऊन डबा उघडला.
त्यानंतर त्याची आठ वर्षं गेली.

रविवारी बाकीचे मेंटॉर प्रोजेक्टर लावायचे.
हा सायकल स्टँडच्या पायरीवर बसायचा,
नखांत हळद, खिशात अडतीचं पेन.
शिल्पाला विचारत होता :
किती वर्षं द्यायलीस? आकडा सांग.
असं नाही, 'बघू' म्हणू नको.
सुरू करायची तारीख कुणीबी सांगतंय,
थांबायची तारीख लिही इथं.
आणि घरातल्या एका तरी माणसाला आत्ताच सांगून ठेव.
ती म्हणाली, आईला?
तो म्हणाला, भावाला सांग. आई रडती, मग आपण वाढवून देतो.

तिसऱ्या भेटीला त्याच्याकडे तीन नव्हते, एकोणीस होते.
जालनावाले साहेब रिकाम्या वर्गात
मोबाइल बघत बसले होते. मला त्यांची कीव आली,
आणि तक्ता बिघडल्याचा रागही, खोटं कशाला बोलू.

एका संध्याकाळी मी अडतीवर गेले.
पोत्यांची मोजणी चालू होती, त्याने हातानेच थांबा म्हटलं.
एकशे अकरा. एकशे बारा.
मग पाणी दिलं.
मी म्हणाले, त्या दिवशी जिन्यात मी तुला म्हणाले होते,
आठवतं?
आठवतं की.
चुकलं का माझं?
वहीत एकशे बारा लिहून तो म्हणाला,
म्हणालात ते बरोबरच होतं मॅडम.
पण परत कधी विचारलं नाहीत, मग काय झालं म्हणून.

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

घरी येऊन पाचव्या भेटीवरचे दोन शब्द खोडले.
फेब्रुवारीत समितीतल्या बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं :
'परत विचारणे'? याचा पुरावा काय? अहवाल? फोटो?
फोटो नाही, म्हणाले.
माझ्या फोनमध्ये बेचाळीस नंबर आहेत,
त्यातले अकरा उचलत नाहीत.
त्यांना मी पुन्हा गुरुवारी लावते.
बाईंनी काहीतरी लिहिलं. ते मला दिसलं नाही.